'ओयना!' म्हणजे खेळ की नाच? (आणि शब्दामागची ती चांदणी)

खडीसाखर (धागाकर्ती)

आम्ही जर्मनीत राहतो, श्टुटगार्टजवळ. वरच्या मजल्यावर एक तुर्की कुटुंब आहे. त्यांच्या आजींना अख्खी बिल्डिंग 'तेयझे' म्हणते, म्हणजे मावशी. गेल्या शनिवारी त्यांच्या नातीची मेंदीची रात्र होती आणि आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. मी हौसेने पैठणी नेसून गेले.

हॉलमध्ये ढोल आणि सनईसारखं काहीतरी, कानठळ्या बसतील इतकं जोरात. तेयझे आल्या आणि माझं मनगट धरून ओढायला लागल्या, "ओयना कझम, ओयना!" कझम म्हणजे पोरी, लेकी. 'ओयना' मला माहीत होतं, कारण माझा सहा वर्षांचा लेक आणि त्यांचा नातू दिवसभर जिन्यात "ओयनायालम म?" म्हणजे "खेळूया का?" करत असतात. मला कळेना, पैठणीत मी काय खेळू आता? लगोरी? समोर बायका गोल करून नाचत होत्या तेव्हा ट्यूब पेटली. मी हात सोडवत म्हटलं, "अहो इथे जागा कुठे आहे?" तर तेयझे बाकीच्या बायकांकडे वळून काहीतरी बोलल्या आणि सगळ्या खो खो हसल्या. मला त्यातलं फक्त 'गेलिन' (नवरी) आणि 'येरिम दार' एवढंच कळलं.

घरी येऊन शब्दकोश उघडला. 'ओयुन' म्हणजे खेळ, नाटक, नाच, डाव, फसवणूक. एवढं सगळं एकाच शब्दात! आणि त्याच्या वर लिहिलेलं, "पूर्व-तुर्की *ओयुन". ही चांदणी कसली? आणि एकच शब्द पोरांच्या खेळापासून लग्नातल्या नाचापर्यंत पोचतो कसा? आपल्या मराठीत या घराण्यातलं कुणी आलंय का? जाणकारांनी प्रकाश पाडावा. आणि तेयझे काय म्हणाल्या ते कुणाला कळलं तर तेही सांगा, चांगलं असलं तर.

अडकित्ता

चांदणी म्हणजे 'अटी लागू'.

कोरा_कागद

रुमाल टाकून ठेवतो. पाटावरवंटा यांना कुणीतरी हाक मारा.

पाटावरवंटा

हाक ऐकली. अडकित्ता यांचा विनोद खरं तर बरोबर आहे. भाषाशास्त्रात शब्दाआधी चांदणी असते तेव्हा अर्थ असा: हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, लेकी-सुनांची तोंडं पाहून आईचा चेहरा काढलाय. पूर्व-तुर्की (म्हणजे पूर्वेकडची नव्हे, सगळ्या तुर्की भाषांची पूर्वज) बोलणाऱ्यांनी काही लिहून ठेवलं नाही. तुर्कीतले सर्वांत जुने मोठे लेख मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यातले, आठव्या शतकातले. कुल तेगिनचा शिलालेख ७३२ चा. ती लिपी डेन्मार्कच्या थॉमसनने १८९३ मध्ये उलगडली. पण आपण ज्या आईबद्दल बोलतोय ती त्याच्याही कितीतरी आधीची.

आता लेकींची हजेरी घेऊ. तुर्की, अझरबैजानी, तुर्कमेन, किरगीझ, उयघुर, तुवा: सगळीकडे 'ओयुन'. उझबेक आणि कझाखमध्ये 'ओयीन'. तातार आणि बश्कीर लोकांनी 'ओ'चा 'उ' केला, त्यांचं 'उयीन'. तो 'उ' फक्त याच शब्दात नाही. तुर्कीत दहा म्हणजे 'ओन', तातारमध्ये 'उन'. आग 'ओत', तातारमध्ये 'उत'. सैबेरियातल्या याकूत, म्हणजे साखा, भाषेत 'ओऽन्न्यू'. आणि व्होल्गाकाठच्या चुवाशमध्ये 'वऽयऽ' असं काहीतरी, तो स्वर देवनागरीत लिहिता येत नाही, 'अ'च्या जवळपास समजा.

क्रियापद 'ओयना-' हे 'ओयुन + अ'. मधला 'उ' गळला. आपण माणूस-माणसाला, कापूस-कापसाचा म्हणताना तो 'ऊ' जिथे टाकतो तिथेच त्यांनीही टाकला.

लिखित पुरावा म्हणाल तर ११ व्या शतकात महमूद काशगरीने बगदादमध्ये बसून अरबी वाचकांसाठी तुर्की भाषांचा कोश लिहिला, त्यात 'ओयुन' आहे. या कोशाची १२६६ मध्ये उतरवलेली एकच प्रत वाचली, ती इस्तंबूलमध्ये आहे. 'कोचुर्मे ओयुन' नावाचा एक खेळही त्याने नोंदलाय: जमिनीवर रेघा मारून घरं करायची आणि अक्रोडासारख्या बियांनी खेळायचं.

सर्वं_संस्कृतम्

एवढं लांब जायची गरजच नाही. मूळ शब्द 'उद्यान'. उद्यान > उय्यान > ओयान > ओयुन. उद्यानात मुले खेळतात. पालीत 'उय्यान' हा शब्द आहेच, आणि मध्य आशियात बौद्ध धर्म गेला होता हे तर कुणी नाकारणार नाही. चांदणी लावण्याआधी घरात बघावे.

अडकित्ता

बागेत लोक भेळही खातात. मग 'ओयुन' म्हणजे भेळ का नाही?

पाटावरवंटा

@सर्वं_संस्कृतम्, पालीत 'उय्यान' आहे हे बरोबर, आणि बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द जुन्या उयघुरमध्ये ढिगाने गेले हेही बरोबर. पण हा शब्द त्यातला नाही, आणि ते तपासता येतं.

तुमच्या वाटेने दोनच शक्यता आहेत. शब्द 'द' घेऊन गेला किंवा 'द' मोडल्यावर गेला. 'द' घेऊन गेला असता तर काय झालं असतं ते 'पाय' या शब्दात दिसतं. पूर्व-तुर्कीत तो *अदाक. त्या मधल्या 'द'चं प्रत्येक लेकीने वेगळं केलं: तुर्कीत 'आयाक', सैबेरियातल्या खाकास भाषेत 'अझाख', याकूतमध्ये 'अताख', चुवाशमध्ये 'ऊरा'. म्हणजे य, झ, त, र. 'द' असलेले शब्द अशा ठरलेल्या वाटांनीच जातात, अगदी रेल्वेच्या रुळासारखे. आता खेळ बघा. खाकासमध्ये 'ओझीन' व्हायला हवं होतं. तिथे आहे 'ओयीन'. म्हणजे तिथे कधी 'द' नव्हताच, 'य' पहिल्यापासूनचा.

उरली दुसरी शक्यता, 'उय्यान' पोचलं. पण मग चुवाशचं काय करायचं? ती शाखा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बाकीच्यांपासून तुटली आणि पश्चिमेला निघून गेली. जुन्या उयघुरांचे बौद्ध ग्रंथ त्याच्या कितीतरी शतकांनंतरचे. आणि चुवाशने तो 'ओ' आपल्या बाकीच्या सगळ्या देशी 'ओ'सारखाच बदललाय. पाहुणा इतका घरच्यासारखा वागत नाही.

सर्वं_संस्कृतम्

रुळावरून गाडी घसरतेही.

अडकित्ता

घसरली तर चौकशी समिती नेमतात, उद्यान नाही बांधत.

वाळवण

तो चुवाशचा 'व' मला फार ओळखीचा वाटला. आमची आजी (मूळ गाव सांगोल्याकडचं) 'ओठ' म्हणायचीच नाही, 'वोठ' म्हणायची. वोळख, वोढ, वोटा. आणि 'एक' नाही, 'येक'. जुन्या मोडी कागदांतही 'येक' असतंच की. आपण शाळेत जाऊन 'ओ' लिहायला शिकलो, पण अजून घाईत बोलताना ओठ गोल होतात आणि 'व' निसटतोच. चुवाश लोकांचं असंच झालं असेल का?

पाटावरवंटा

वाळवण, अगदी हेच! 'ओ'ने सुरू होणाऱ्या शब्दांना त्यांनी पुढे 'व' जोडला आणि तो कायमचा चिकटला. दहा: ओन > वुनऽ. आग: ओत > वुत. तीस: तुर्कीत ओतुझ, त्यांचं वऽतऽर ('झ'चा 'र' हे त्यांचं आणखी एक वैशिष्ट्य). तशीच ओयुनची गत: पुढे 'व' आला, मागचा 'न' गेला. तुमच्या आजींना चुवाशांच्या राजधानीत, चेबोक्सारीत, घर मिळालं असतं.

आणि चुवाशमध्ये या शब्दाचा एक अर्थ म्हणजे वसंत संपता संपता गावाबाहेर तरुण पोरं-पोरी हात धरून फेर धरतात, तो. म्हणजे तेयझेंचं 'ओयना' तिथेही आहे. एवढ्या लांब तुटलेल्या शाखेतही खेळ आणि फेर एकाच शब्दात सापडतात, म्हणजे ही जोडी बहुधा आईच्याच घरची.

तळटीप

थोडं कीस पाडतो. माणूस-माणसाला हे उदाहरण क्रियापदाला लागू आहे, नामाला नाही. तुर्कीत 'खेळाला' म्हणताना 'ओयुनु' म्हणतात, 'ओयनु' नाही. उलट 'बोयुन' (मान) चं 'बोयनु' होतं. आणि सगळ्यात मजा 'कोयुन'ची. 'कोयुन' म्हणजे मेंढी, आणि 'कोयुन' म्हणजे कूस किंवा छाती. मेंढीला म्हणायचं तर 'कोयुनु', कुशीला म्हणायचं तर 'कोयनु'. एक स्वर गाळलात तर मेंढीच्या जागी भलतंच.

अडकित्ता

या माहितीमुळे काही पुरुषांचे संसार वाचतील.

तळटीप

अजून एक. 'ओय' म्हणजे मत, निवडणुकीतलं. त्यामुळे 'ओयुन' म्हणजे 'तुझं मत' असाही अर्थ होतो. खेळ आणि तुझं मत, लिहायला अक्षरन् अक्षर सारखं.

कोरा_कागद

यावर राजकीय प्रतिसाद लिहिला होता. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

बिश्केक_रिटर्न

या धाग्यावर लिहिण्यासाठी दोन वर्षांनी लॉगिन केलंय, पासवर्ड आठवायला अर्धा तास गेला.

मी बिश्केकला एमबीबीएस केलं. तिथे आपल्याकडच्या पोरांची जत्राच असते. माझ्या मजल्यावर नांदेड, लातूर, जळगाव असा सगळा महाराष्ट्र होता. होस्टेलच्या मागच्या अंगणात संध्याकाळी शेजारची किरगीझ पोरं यायची आणि ओरडायची, "ओयनोयलु!" म्हणजे चला खेळू. बघा, 'ओयना'चं 'ओयनो' झालं, कारण त्यांच्यात पहिला स्वर 'ओ' असला की पुढच्यांनाही ओठ गोल करावे लागतात.

मातीत काठीने मोठं रिंगण. मध्ये हाडांचा ढीग. खरी हाडं, मेंढीच्या मागच्या पायाच्या घोट्यातली. त्यांना म्हणतात 'चुको'. एक हाड 'खान', ते मधोमध. रिंगणाबाहेरून मोठ्या हाडाने नेम धरून मारायचं आणि आतली उडवायची. आपल्या गोट्यांसारखंच, फक्त नेम चुकला की किरगीझमध्ये शिव्या. चांगल्या हाडाला रंग दिलेला असतो, घासून घासून गुळगुळीत केलेलं असतं, आणि हातात घेतलं की थंडगार लागतं. एका पोराने मला एक दिलं, लाल रंगाचं. ते खिशात असायचं.

पुढे ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत सरांनी माणसाच्या घोट्याचं हाड हातात दिलं. विचारलं, हे काय? उत्तर होतं 'टॅलस'. माझ्या तोंडून गेलं "चुको". सर किरगीझच होते. आधी हसले, मग विचारलं, "नेम कसा आहे?" पास झालो.

त्या रिंगणाच्या खेळाचं नाव 'ओर्दो'. ओर्दो म्हणजे खानाची छावणी, ती लुटायची. आणि हाच तो 'ओर्दू', ज्याच्यावरून 'उर्दू' आली, छावणीची भाषा. मी हे होस्टेलमध्ये सांगितलं तेव्हा जळगाववाल्याने तीन दिवस गालिबचे शेर म्हणत हाडं मारली.

शेवटच्या वर्षी चोलपोन-आताला गेलो होतो, इस्सिक-कुल सरोवराकाठी. भटक्या जमातींचे जागतिक खेळ तिथे भरायचे, २०१४, २०१६ आणि २०१८ ला. पाटीवर लिहिलेलं: 'दुयनोलुक कोचमोन्दोर ओयुन्दारी'. पहिल्या शब्दात आपली 'दुनिया' आहे, शेवटच्यात या धाग्यातला 'ओयुन'. मेलेल्या बोकडासाठी घोड्यावरून झोंबाझोंबी करतात तो कोक-बोरू बघितला. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल, शाकाहाऱ्यांनी उघडू नये असा.

खडीसाखर

बिश्केक_रिटर्न, तुमच्या सरांना दंडवत. ते लाल हाड अजून आहे का?

बिश्केक_रिटर्न

आहे. बायकोने देवघराजवळ ठेवू दिलं नाही, म्हणून कपाटात.

बेळगावी_कुंदा

आमच्याकडे दोन्ही भाषा चालतात म्हणून लिहितो. कन्नडमध्ये 'आडु' हे क्रियापद बघा. खेळणं आडु, नाचणं आडु, हलणं-डोलणं आडु. रात्रभर चालणारं उघड्यावरचं नाटक म्हणजे 'बयलाट', त्यातलं 'आट' तेच. तमिळातही 'आडु' नाचासाठी. तुर्की आणि कन्नड यांचा काही संबंध नाही, तरी गाडी त्याच स्टेशनांवर थांबते.

तो काशगरीचा रेघांचा खेळ वाचून चेन्नेमणे आठवलं. मंगळूरकडे घरोघरी लाकडाचा पाट असतो, खळगे पाडलेला, त्यात चिंचोके किंवा गुंजा वाटत जायच्या. किरगीझांचा 'तोगुझ कोरगोल' त्याच जातीचा वाटतो.

बिश्केक_रिटर्न

हो, हो! दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खळगे, प्रत्येकात नऊ गोळ्या, एकूण १६२. नावाचा अर्थ 'नऊ लेंड्या'. मेंढपाळांच्या हाताशी तेच होतं. आता लाकडी पट आणि चकचकीत गोळ्या असतात, पण नाव लेंडीचंच. २०२० मध्ये कझाखस्तान, किरगिझस्तान आणि तुर्कस्तान यांच्या अर्जावर युनेस्कोच्या यादीतही आलाय.

अडकित्ता

युनेस्कोच्या यादीत लेंड्या आल्या, आमच्या सोसायटीच्या कबुतरांनाही आशा आहे.

शेवटचा_बाक

मला एक समजत नाही. यात एवढं आश्चर्य काय आहे? इंग्रजीत 'प्ले' म्हणजे खेळ आणि नाटक. जर्मनमध्ये 'श्पील' तेच. मराठीत 'खेळ' तेच. सगळ्या जगात खेळाला हे सगळे अर्थ असतात. मग तुर्कीचं कौतुक कशाला? आणि त्या चांदणीच्या शब्दाने काय सिद्ध झालं?

तळटीप

शेवटचा_बाक, 'सगळ्या जगात' म्हणताना जपून. इंग्रजीत वाद्य 'प्ले' करतात. तुर्कीत वाद्याला 'ओयना' लावून बघा, हसतील. त्यांच्याकडे वाद्य 'चाल-' करतात, आणि 'चाल-' म्हणजे चोरणंसुद्धा. त्यामुळे "त्याने सतार वाजवली" आणि "त्याने सतार पळवली" हे एकच वाक्य. तातार मात्र गार्मोन (अकॉर्डियनसारखं वाद्य) 'उयना' करतात, रशियनांच्या शेजाराने असेल. मराठीत आपण वाद्य खेळत नाही आणि नाचालाही 'खेळणे' म्हणत नाही. प्रत्येक भाषा कुठे थांबते तेच बघण्यासारखं आहे.

शिमगा_स्पेशल

तळटीप, नाचाला खेळणे म्हणत नाही? शहरातले दिसता. मंगळागौरीला काय करतात? झिम्मा, फुगडी, पिंगा. नाव काय? मंगळागौरीचे *खेळ*. आमच्याकडे रत्नागिरीत नमन-खेळे असतात. सोंगं घेऊन, मृदंग-टाळावर नाचतात आणि त्यांना म्हणतात 'खेळे'. दशावतारी मंडळी विचारतात, "उद्या खेळ कुठे?" नाटक आलं, नाच आला, देव आला, सगळं 'खेळ'मध्ये. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचाही खेळच. तुर्कांच्या कारागोझलाही म्हणे 'सावलीचा ओयुन' म्हणतात.

आणि शिमग्याला आम्ही पालखी नाचवतो त्याला 'पालखी खेळवणे' म्हणतात. अंगात वारं आलं की "देवी खेळते". हे बघायला एकदा या. मुंबईचे चाकरमानी सुट्टी मिळाली नाही तर नोकरी सोडून येतात.

तळटीप

बिनशर्त माघार. मंगळागौर विसरलो, आईने हा प्रतिसाद वाचू नये.

पाटावरवंटा

शिमगा_स्पेशल यांनी नकळत एका जुन्या वादाला हात घातलाय. साखा लोकांत पुरुष शामानाला 'ओयून' म्हणतात. (बाई असेल तर 'उदागान'.) ढोल घेऊन, उड्या मारत, घुमत तो वरच्या-खालच्या लोकात जाऊन येतो. काही अभ्यासक म्हणतात हा 'ओयून' म्हणजे आपला *ओयुनच: खेळणारा, नाचणारा. काहींना हा सांधा पटत नाही. ते म्हणतात की खेळाला साखात 'ओऽन्न्यू' आहे, मग त्याच मुळाचं दुसरं रूप असं वेगळं का राहिलं? पण कझाखांत जुन्या नोंदींमध्ये बक्सी, म्हणजे त्यांचा देवऋषी, रोग्यासमोर 'खेळतो' असंच लिहिलेलं असतं. "देवी खेळते" म्हणणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि शेवटचा_बाक यांना उत्तर. चांदणीने एवढंच दाखवलं की मंगोलियापासून बाल्कनपर्यंत हा शब्द एका घरातून गेला. अर्थांचं मात्र तसं नाही. आपला 'खेळ' त्या घरातला नाही. संस्कृत धातुपाठात 'खेल्' धातूचा अर्थ 'चलने' दिलाय, म्हणजे हलणे, डोलणे. आणि तुर्कीत आज दात हलत असेल तर म्हणतात दात 'ओयनु'तोय. दगड जागचा हलला तरी 'ओयना'च. भाव वर-खाली होत असतील तर त्यांना 'ओयनाक' म्हणतात. आता आपलं बघा: हवा खेळती हवी, दुकानाला खेळतं भांडवल हवं. नातं नसताना दोन भाषा एकाच वाटेने गेल्या. माझ्या मते धाग्याचं उत्तर यातच आहे: शब्द सापडणार नाही, वाट सापडेल.

सर्वं_संस्कृतम्

शेवटी धातुपाठाकडेच आलात.

पाटावरवंटा

'खेळ'साठी आलो. 'ओयुन'साठी नाही. पण हा गुण तुम्हाला, घ्या.

सुपारीफोड

मराठीत त्या घराण्यातलं कुणी आलं नाही असं म्हणता, पण शेपूट आलंय. तुर्कीत खेळाडू किंवा नट म्हणजे 'ओयुनजु'. तातारमध्ये 'उयीनची'. ते '-जु/-ची' म्हणजे आपल्या तबलजी, मशालजी, तोफची, खजांची यांच्या शेवटी बसलेलं शेपूट. फारसीच्या मांडीवर बसून आलं, पण मूळ तुर्की. म्हणजे 'तबलजी' म्हणताना आपण अर्धा तुर्की शब्द बोलतो.

तोफेची तर गंमतच. तुर्कीत 'तोप' म्हणजे चेंडू. आणि तोफसुद्धा. पोरं 'तोप ओयना' करतात म्हणजे चेंडू खेळतात. आपल्याकडे चेंडू वाटेत कुठेतरी हरवला आणि फक्त तोफ पोचली. चाकू, कैची, चकमक यांचीही हीच कथा. दख्खनला येताना सामान काय आणलं बघा: कापायचं, पेटवायचं, उडवायचं. खेळणी घरीच ठेवली.

वाळवण

'खेळणी' म्हणजे त्यांच्यात काय?

सुपारीफोड

'ओयुनजाक', उझबेकमध्ये 'ओयिनचोक'. लाडाचं शेपूट, आपल्या 'बाहुली', 'टोपली'तल्या 'ली'सारखं. आणि एक मिश्र विवाह पण आहे: 'ओयुनबाझ'. तुर्की ओयुन आणि फारसी बाझ, म्हणजे खेळणारा. आपले दगाबाज, नखरेबाज, पतंगबाज त्याच 'बाझ'चे. लबाड माणसाला तुर्कीत ओयुनबाझ म्हणतात.

कोरा_कागद

मग बाजीराव?

पाटावरवंटा

नको. नवा धागा काढा. मी येणार नाही.

मालिकाग्रस्त

लोकहो, मी रोज दोन तास तुर्की मालिका बघते (सबटायटल्स लावून, अभ्यास म्हणून, कुणी हसू नये). नायिका दर तिसऱ्या भागात "बना ओयुन ओयनामा" म्हणते, माझ्याशी खेळ करू नकोस. खलनायकाची आई 'ओयुन'शिवाय दुसरं काही करतच नाही. पण मुद्दा तो नाही. शंभर प्रतिसाद होत आले आणि धागाकर्तीने विचारलेला प्रश्न कुणी बघितलाच नाही!

खडीसाखर, तेयझे काय म्हणाल्या ते मला माहीत आहे. ही त्यांची प्रसिद्ध म्हण आहे: "ओयनामासन बिलमेयेन गेलिन येरिम दार देमिश." शब्दशः: खेळायला, म्हणजे नाचायला, न येणारी नवरी म्हणाली, माझी जागा अरुंद आहे. काही ठिकाणी पुढे शेपूट आहे: तिची जागा रुंद करून दिली, तर म्हणाली, बाही घट्ट आहे.

अडकित्ता

नाचता येईना, अंगण वाकडे!!! सगळ्या धाग्यात पहिल्यांदा मी गंभीर झालोय.

शिमगा_स्पेशल

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). श्टुटगार्टला बसून तेयझेने मराठी म्हण मारली आणि मराठी बाईला कळली नाही!

तळटीप

बघा, त्यांच्याकडे जागा अरुंद, आपल्याकडे अंगण वाकडं. आणि पुढे बाही घट्ट. आपल्या म्हणीला दुसरा भाग नाही ही उणीव आता जाणवली. "अंगण सारवून दिलं तर म्हणे पैंजण टोचतात" असं काहीतरी हवं होतं.

वाळवण

तळटीप, तुमचं हे वाक्य मी पुढच्या मंगळागौरीला माझं म्हणून खपवणार.

शेवटचा_बाक

ठीक आहे. एवढ्यासाठी तरी तुर्कीचं कौतुक मान्य.

खडीसाखर

अरे देवा. आणि मी खरंच म्हटलं होतं, "इथे जागा कुठे आहे?" शब्दन् शब्द! त्या नवरीचंच वाक्य मी जर्मनमध्ये म्हटलं, म्हणून त्या बायका हसल्या. मला वाटलं पैठणीला हसतायत.

आज संध्याकाळी पुरणपोळी घेऊन वर गेले. तेयझेंना आपली म्हण सांगितली, नातसुनेने जर्मनमधून तुर्कीत केली. 'वाकडं अंगण' त्यांना इतकं आवडलं की तीन वेळा म्हणवून घेतलं. मग टेबल भिंतीकडे सरकवलं, गालिचा गुंडाळला, फोनवर गाणं लावलं आणि म्हणाल्या, "येरिन गेनिश." तुझी जागा रुंद आहे.

आमची बाही पण सैल होती. काही इलाज नव्हता. नाचले. फुगडीही घातली, तेयझे बहात्तर वर्षांच्या आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ टिकल्या. पोरं दारात उभी राहून बघत होती, माझा लेक ओरडला, "आई, तुम्ही काय खेळताय?"

बिश्केक_रिटर्न

फुगडीला तुर्कीत काय म्हणतात ते तेयझेंना विचारा.

खडीसाखर

विचारलं. म्हणाल्या, आता 'फुगडी'च.